बारा हातांवर तळं

मारेगावच्या पुढे डांबर संपतं तिथं
जीप सोडली, आणि थोडीशी नकाशाची साथही.
नकाशात इथं एकच रंग : फिकट हिरवा,
खाली बारीक अक्षरात : बेसाल्ट, अविभाजित.
म्हणजे इथं कोणी थांबलं नव्हतं.

तीन दिवस नाल्यानालानं चालले.
हातोडी, भिंग, आम्लाची बाटली,
पाठीवर नमुन्यांचं वाढतं ओझं,
वहीत खाली खाली एकच शब्द :
काळा. काळा. काळा.
चौथ्या दिवशी विहिरीच्या डबरावर
एक बकरी उभी होती
आणि तिच्या खुरांखाली पांढरं.

दगड एका फटक्यात उघडला.
आत गोगलगाय,
साबुदाण्याएवढी, डावीकडे वळलेली.
मी दगड चाटला.
(हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो,
त्यांच्या आयांना सांगत नाही.)
शंख ओला होऊन चमकला.
याआधी ओला झाला तेव्हा
गवतसुद्धा नवखं होतं पृथ्वीवर,
आणि पुढचा लाव्हा अजून वाटेत होता.

विहीर खोदली होती जंगू कोडापेनं.
तो फळीवर बसून तेंदूची पुडकी बांधत होता.
उजवा कान सुरुंगानं नेलेला,
म्हणून डावीकडून विचारलं :
हा पांढरा पट्टा किती खोल लागला?
'कोन्त्या इहिरीत?'

मग पुडकं बाजूला सारून
त्यानं मातीत मोहाच्या टोया मांडल्या,
एकेक टोई, एकेक विहीर. सत्तावीस.
'हे टेकामाची. चार हात माती, तीन मुरूम,
मंग मांजऱ्या, बारावर पांढरा,
त्याच्याखाली काळा, पहारीले घाम फुटते असा.
हे शाळेमागची, चौदावर.
हे पोचूची, साडेनवावर, पांढरा पातळ, पापडावानी.
नाल्याच्या पल्याड नाई.
तिकडं गेरू लागते, पांढरा लागतच नाई.'

लागतच नाई.
हे मी दोनदा लिहून घेतलं.
काय सापडलं ते सगळेच सांगतात,
काय कुठं सापडलं नाही
ते चाळीस वर्षं कोण लक्षात ठेवतं?

मग टेप काढून त्याचा हात मोजला,
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
वहीत नोंद : १ हात (जं. को.) = ४६ सेंमी.
तो म्हणाला, 'जवानीत जास्त भरला असता.'

रात्री शाळेच्या व्हरांड्यात
बॅटरी तोंडात धरून ठिपके जोडले.
पांढरं लागलेले अकरा, न लागलेले सोळा,
मधून एक रेघ कशीबशी निघाली,
दोनदा खोडली, तिसऱ्यांदा राहिली.
लांबट, एका टोकाला वाकडी, कारल्यासारखी.
काठ होता तो.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका तळ्याचा,
जे दोन आगींच्या मधल्या उसंतीत भरलं
आणि कोणी पाहायच्या आत झाकलं गेलं.

सकाळी कागद जंगूपुढे धरला.
त्यानं रेघेवरून बोट फिरवलं, सावकाश,
जणू ओली असेल.
'म्हंजे म्या सारी जिंदगी तळ्यातच खंदत होतो?'
हो.
'मंग पाणी कुठी गेलं?'

उत्तर होतं माझ्याकडे, आकडेही होते.
पण त्याचं बोट थांबलं होतं एकोणिसाव्या टोईवर,
जिथं एकतीस हात खाली जाऊनही
नुसती धूळ निघाली,
आणि कान राहिला.
मी आकडे सांगितले नाहीत.

दुपारी तो डबरावर दिसला,
माझी हातोडी, माझं भिंग,
भोवती चार पोरं आणि ती बकरी.
सात शंख धोतराच्या सोग्यात,
आठवा दगड त्यानं कोणाला दिला नव्हता.
'हे शंखावानी नाई. दातावानी बी नाई.
तुह्या पुस्तकात हाय का हे?'

मी लांबूनच पाहिलं : काळसर, खवल्यासारखं काही,
कडेला बारीक दातेरी.
नाही, म्हणाले. माहीत नाही मला.
तो हसला. पोरंही हसली, मॅडमला माहीत नाही म्हणून.
भिंग एकच होतं आणि ते त्याच्या डोळ्याला होतं.
मी पोरांच्या मागे
रांगेत उभी राहिले.